मामा, रिपोर्टात तसं लिहिलं नव्हतं

दस्तगीरमामा,

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तुमच्यावर एक पान लिहून द्या, असं मला सांगितलंय. किती वर्षं नोकरी झाली, स्वभाव कसा होता, मुलांमध्ये किती लाडके होतात, असं. ते पान दुसरं कुणीतरी लिहील आणि चांगलंच लिहील. मला ते जमणार नाही. तुम्हाला जाऊन आज नववा दिवस आहे, आणि या नऊ दिवसांत मी मनातल्या मनात तुमच्याशी एकच गोष्ट बोलते आहे. तुमचा रिपोर्ट इंग्रजीत होता. तुम्ही तो माझ्याकडून वाचून घेतलात, आणि मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं. पुढे खरं सांगितलं. पण तोपर्यंत तुमचं उत्तर मला कळेल अशी काही सोय त्या आजारानं ठेवली नव्हती.

म्हणून हे तुमच्याशीच बोलते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी कुरुंदवाडहून रोज एसटीनं कोल्हापूरला यायची. वडील शिंपी, आई घरात काज-बटणं करायची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. प्राणिशास्त्राच्या पहिल्या प्रॅक्टिकलला स्लाइडवर ठेवायची ती पातळ काच माझ्या बोटांत मोडली. दुसरी मोडली. तिसरीही मोडली. बाकीच्या मुली हसल्या. तुम्ही कपाटाशी बाटल्या पुसत उभे होता. प्रयोगशाळेतला परिचर म्हणजे कॉलेजात सगळ्यांचा मामाच असतो, पण तुम्ही माझ्याशी पहिल्यांदा बोललात ते सख्ख्या मामाच्या हक्कानं.

"कुठलं गाव?"

"कुरुंदवाड."

"कुरुंदवाडात असंच दाबून धरत्यात व्हय सगळं? हळू धर की. काच हाय ती, पकडलेला चोर न्हाय."

त्या दिवसापासून तुमच्या तोंडी माझं नाव कुरुंदवाड झालं. "ए कुरुंदवाड, हिकडं ये. बघ काय झकास आलंय."

ते झकास काय असायचं, ते आता विभागात नव्यानं आलेल्यांना सांगूनही पटत नाही. तुमच्या मेव्हण्याचं मटणाचं दुकान होतं. सकाळी येताना तुम्ही तिथून बकऱ्याच्या पाठीचा कणा आणायचा आणि त्यातून मज्जारज्जू अलगद, न तुटता काढायचा. मग औषधात मुरवणं, मेणात बसवणं, आणि मग ते यंत्र, ज्याच्या पात्यावर मेणाची ती वडी फिरायची आणि केसाहून पातळ चकत्यांची एकाला एक चिकटलेली फीत खाली उतरायची. तुम्ही ती फीत ओल्या ब्रशच्या टोकावर घ्यायचा. तेवढा वेळ सगळ्यांनी श्वास धरायचा, असा नियम होता. कुणी शिंकलं तर त्याला बाहेर.

शेवटी रंग. जांभळा रंग चढवायचा आणि मग स्पिरिटमध्ये थोडा थोडा उतरवायचा. "चढवायला काय, कुणीबी चढवंल," तुम्ही म्हणायचा. "उतरवताना कुठं थांबायचं, त्ये कळलं पायजे."

तुम्ही सातवी शिकलेले. तरीसुद्धा मी जे काही विज्ञान शिकले, त्याची सुरुवात त्या तुमच्या थांबण्यापासून आहे. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "चहा पायजे तर सरळ सांग."

सूक्ष्मदर्शकातून दिसायच्या त्या मोठ्या, कोपरे फुटलेल्या, जांभळ्या पेशी. मज्जारज्जूच्या पुढच्या भागात बसलेल्या. हात उचल, पाय टाक, गिळ, श्वास घे, हे हुकूम स्नायूंना पोचवणाऱ्या चेतापेशी त्या. परीक्षेत त्यांचंच चित्र यायचं. एकदा तुम्ही डोळा लावून बराच वेळ बघत राहिलात आणि सरांना म्हणालात, "सर, ह्या मोठ्या पेशी दिसल्या. पर त्येच्या भवतीनं ह्ये ठिपकं किती हाईत! ह्ये काय हाय?"

आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, "ते भरण. पेशीला जागेवर धरून ठेवायला. त्याला फार अर्थ नाही."

"एवढं भरण? पंगतीत जेवणारा एक आनि भवतीनं वाढणारं धा असलं, तर वाढणाऱ्यांकडं बघायला नको व्हय?"

"दस्तगीर, तू काप. विचार आम्ही करतो."

"व्हय सर," तुम्ही म्हणालात, आणि मला डोळा घातलात.

तुम्ही थट्टेत विचारलंत, पण ते माझ्या डोक्यात बसलं. ते ठिपके म्हणजे ग्लिया पेशींची केंद्रकं. त्या रंगात त्यांचं तेवढंच दिसतं, बाकीचा पसारा दिसतच नाही. काही ताऱ्यासारख्या, चेतापेशीला खाऊ घालणाऱ्या, तिच्याभोवतीची घाण उचलणाऱ्या. काही चिमुकल्या, राखण करणाऱ्या. काही तिच्या तंतूंना गुंडाळून घेणाऱ्या. हे सगळं मला पुढे कळलं. पण विचारलं होतंत तुम्ही.

तुमच्यावर मी एकदा खूप चिडले होते, तेही लिहिते. एका वर्षी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार होते. मानवी मज्जारज्जूची स्लाइड दाखवायची होती आणि विभागात ती नव्हती. सर म्हणाले, बकऱ्याचीच एक चांगली काढा आणि लेबल मानवी म्हणून लावा. तुमचं इंग्रजी अक्षर वळणाचं नव्हतं, म्हणून लेबलं मी लिहायची. मी लिहिलं. तुम्ही ते हातात घेऊन विचारलंत, "ह्ये काय लिवलंस?" मी सांगितलं. तुम्ही ओल्या बोळ्यानं लेबल पुसलंत आणि सरळ सरांच्या टेबलाशी गेलात.

"सर, ह्यो बकरा माणूस कवा झाला? सकाळी तर मेव्हण्याच्या दुकानात उलटा टांगलेला हुता."

सगळी प्रयोगशाळा हसली. सरही हसले, मग त्यांना राग आला. परीक्षा बकऱ्यावरच झाली. माझ्याशी मात्र तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "सर मोठं हाईत, त्यास्नी दहा कामं. तुला काय हुतं? डोळं तुझं, हात तुझा. का लिवलंस?" मला फार लागलं ते. सरांना तुम्ही हसत हसत सोडलंत आणि मला, एका शिंप्याच्या पोरीला, धारेवर धरलंत, असं वाटलं. आता वाटतं, तुम्ही मला सरांपेक्षा मोठं समजलात. पण तेव्हा एसटीत बसून मी रडले होते.

आणि वडिलांचं. बी.एस्सी.चा निकाल लागला आणि वडील कॉलेजात दाखला न्यायला आले. स्थळ आलं होतं, शिक्षण पुरे झालं, असं घरात ठरलं होतं. मी भिंतीशी उभी. तुम्ही त्यांना म्हणालात, "या पावणं, बसा. दाखला मिळंल. आदी ह्येच्यात डोळा लावा." वडिलांना डोळा मिटून एका डोळ्यानं बघणं जमेना. तुम्ही तुमच्या तळहातानं त्यांचा दुसरा डोळा झाकलात. वडील कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कुणी भरलंय हे? एवढा बारीक टाका?"

"तुमच्या पोरीनं. तुमचाच हात हाय की तो, खाली आलेला."

दाखला त्या दिवशी नेला नाही. एम.एस्सी. झाली, फेलोशिप मिळाली, आणि मी बंगळूरला एका संशोधन संस्थेत गेले. वडील हयात असेपर्यंत गावात सांगायचे, कोल्हापुरात एक मुसलमान मामा आहे, त्यानं पोरगी शिकवली.

तिथं मी उंदीर पाळले, मामा. त्यांच्यात माणसातल्या एका आजाराची जनुकातली चूक मुद्दाम घातलेली असायची. सुरुवातीला ते इतर उंदरांसारखेच पळायचे. मग एक दिवस शेपटीला धरून उचललं की मागचे पाय पसरण्याऐवजी आत ओढले जायचे. मग पाय फरफटायचा. मग दुसरा. मग ते पाण्याच्या नळीपर्यंत पोचेनासे व्हायचे. मोटर न्यूरॉन डिसीज. तुम्ही जांभळ्या रंगवायचात त्याच मोठ्या पेशी मरतात. आणि माझं काम होतं तुमच्या ठिपक्यांवर.

दिवाळीच्या सुट्टीत यायचे तेव्हा विभागाच्या मागच्या पायरीवर आपली चर्चा व्हायची. मी सांगायची, की त्या आजारात ठिपके नुसते बघत बसत नाहीत. खाऊ घालणाऱ्या पेशी घाण उचलणं सोडतात, राखणदार पेशी चवताळतात, आणि ज्या पेशीला जपायचं तिच्याच अंगावर काहीबाही सोडत राहतात. निरोगी चेतापेशीसुद्धा अशा शेजारात टिकत नाही. आणि उलट, शेजार निरोगी असेल तर आजारी पेशीही जास्त दिवस तग धरते. जगभर तेव्हा हे एकेक पुढे येत होतं.

तुम्हाला ते पटत नव्हतं.

"म्हंजे वाढणारंच ताटात विष घालत्यात, म्हणतीस?"

"तसंच काहीसं."

"न्हाय पटत. उगाच कोण घालंल? त्यास्नी कुणीतरी आदी बिथरवलं असणार. आदी कोण आजारी पडलं, त्ये सांग. जेवणारा का वाढणारा?"

"ते अजून नीट ठरलं नाही."

"मग एवढी वर्षं काय उंदरांची दाढी केलीस?"

ते अजूनही पुरतं ठरलेलं नाही, मामा. सुरुवात बहुधा चेतापेशीत होते आणि पुढचा वेग शेजारी ठरवतात, असं उंदरांवरून दिसतं. माणसाचं काय, हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. आपलं भांडण तिथंच अडलेलं आहे.

मी याच कॉलेजात शिकवायला परत आले, त्या वर्षी तुम्ही माझ्यासाठी पहिली वडी कापायला बसलात. फीत तुटली. तुम्ही मेणाला शिवी दिलीत. पुन्हा तुटली. पात्याला धार नाही म्हणालात. पातं बदललं. मग हवा दमट आहे म्हणालात. मार्च महिना होता, बाहेर ऊन रणरणत होतं. नंतर स्लाइडवर काच ठेवताना ती तुमच्या बोटांतून निसटली आणि फरशीवर फुटली. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात, "कुरुंदवाडची हवा लागली मला."

मी हसले नाही. तुमच्या उजव्या हाताच्या अंगठ्यामागचं मांस गेलं होतं. तिथं खड्डा होता. पुढच्या आठवड्यात तुम्ही बाही वर करून बाटल्या धूत होता, आणि तुमच्या दंडावर कातडीखाली काहीतरी बारीक बारीक हलत होतं. एकीकडे थांबायचं, दुसरीकडे सुरू व्हायचं. तुम्हीच दाखवलंत. "बघ की, उंदीर पळतोय आत."

मला तेव्हाच कळलं. माझ्याइतक्या लवकर ज्याला कळेल असं दुसरं माणूस त्या इमारतीत नव्हतं. मी म्हटलं, "मामा, डॉक्टरांना दाखवून या." तुम्ही म्हणालात, "कमजोरी हाय. अंडी सुरू केल्यात." आणि मी गप्प बसले. चार महिने. रोज तुमच्या दंडाकडे बघत आणि बघत नाही असं दाखवत.

शेवटी चप्पल पायातून निसटायला लागली, तेव्हा तुमचा मुलगा इरफान तुम्हाला मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. स्नायूंत सुया घालून तपासणी झाली. डॉक्टरांनी इरफानला बाजूला घेऊन थोडं सांगितलं, त्याला ते नीट कळलं नाही, म्हणून मामींनी मला बोलावलं. स्वयंपाकघरात मी रिपोर्ट वाचला आणि त्या दोघांना खरं काय ते सांगितलं. की बरं होत नाही. हात, पाय, जीभ, मग श्वास. दोन वर्षं, चार वर्षं, कुणी सांगू शकत नाही. शुद्ध मात्र बहुतेक शेवटपर्यंत राहते.

मामींनी पदर तोंडात कोंबला. मग माझं मनगट धरलं. "त्यास्नी सांगू नगंस. हाय खाऊन जातील. तुला आईची आण हाय, बेटी."

इरफान म्हणाला, "ताई, अब्बा टिकायचं न्हाईत ऐकून."

बाहेरच्या खोलीतून तुमचा आवाज आला, "काय कुजबूज चाललीया? आनि तो कागद हिकडं आण. वाच, काय लिवलंय त्या डॉक्टरनं."

मी तुमच्यासमोर खुर्चीवर बसले. तुम्ही चष्मा लावून माझ्या तोंडाकडे बघत होता, कागदाकडे नाही. मी एकेक ओळीवर बोट ठेवत गेले आणि दुसरंच बोलत गेले. मानेत शीर दबली आहे. त्यामुळे हातापायात जोर कमी आहे. गोळ्या आहेत. हाताला व्यायाम द्यायचा. वेळ लागेल.

"असं लिवलंय?"

"हो."

"तू वाचलंस म्हंजे झालं," तुम्ही म्हणालात, आणि चष्मा काढून ठेवलात.

इरफाननं रबरी चेंडू आणला. आजार थोडा पुढे ढकलणारी एक गोळी होती, ती ताकदीची म्हणून दिली. पायरीवर, बाकावर, विभागात, जेवताना डाव्या हातानं घास आणि उजव्या हातात तो चेंडू. मी म्हणायची, मामा, जास्त दमवू नका हात. तुम्ही म्हणायचा, "दमवल्याबिगर येतो व्हय जोर?" चेंडू दाबला जाईना तसं तुम्ही स्वतःला बोलू लागलात. आळशी झालोय. मनच लावत न्हाय मी. एक माणूस मरतानाही स्वतःलाच दोष देत होता आणि तो दोष मी त्याच्या हातात ठेवला होता.

पण यापेक्षाही वाईट दुसरंच झालं. तुमचा हात चालेना म्हणून तुमच्या जागी एक नवा परिचर आला होता. होतकरू माणूस. तो तुमच्यामागे लागला होता, मामा, मला कापायला शिकवा. तुमचा डावा हात तेव्हा चांगला होता, तोंड चालत होतं. त्याचा हात धरून शिकवता आलं असतं. तुम्ही म्हणालात, "थांब जरा. हात बरा हुदे. अर्ध्या हातानं शिकवणार न्हाय मी." तो थांबला. आम्ही सगळे थांबलो. तुम्ही बरे होण्याची वाट बघत होता, कारण मी तसं वाचून दाखवलं होतं. खरं माहीत असतं तर तुम्ही त्याच संध्याकाळी त्याला यंत्रापुढे बसवलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे. उतरवताना कुठं थांबायचं, हे आता कोल्हापुरात कुणाला येत असेल, मला माहीत नाही. मला येतं, पण तुमच्याइतकं नाही.

मी सांगायचं ठरवलं. एकदा नाही, तीनदा ठरवलं. मामी म्हणाल्या, ईद होऊ दे. ईद झाली. मग म्हणाल्या, इरफानचं लग्न ठरतंय, मुलीकडच्यांना कळलं तर मोडंल, लग्न होऊ दे. मी त्यांना दोष देत नाही, मामा. त्या तुम्हाला भात कुस्करून भरवत होत्या, ठसका लागला की छातीवर हात फिरवत होत्या, रात्रंदिवस तुमच्याभोवती होत्या. तुम्हाला जपण्यातच आम्ही तुमच्यापासून तुमचे ते दिवस काढून घेत होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण प्रेमानं करतोय. माझ्या कामातल्या पेशींची आठवण मला यायची. पण तुलना ताणत नाही. पेशीला आई-बाप नसतात, आण घातली म्हणून ती गप्प बसत नाही. मी बसले.

लग्नात तुम्ही खुर्चीवर होता. पाहुण्यांनी तब्येत विचारली की तुम्ही हात वर करायचा प्रयत्न करायचा. तोवर जीभ जड झाली होती. "कुरुंदवाड" म्हणायचात त्यातलं एकही अक्षर मला वेगळं कळत नव्हतं, फक्त सूर कळायचा. मग सूरही गेला.

आणि मग एक दुपार. मामी दवाखान्यात औषध आणायला गेल्या होत्या. मी तुमच्या पायाशी बसले आणि सांगितलं. मामा, रिपोर्टात तसं लिहिलं नव्हतं. शीर दबलेली नाही. हा तोच आजार आहे, माझ्या उंदरांचा. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. व्यायामानं काही होणार नव्हतं, तुमचा आळस नव्हता. शिकवायचं राहून गेलं ते माझ्यामुळे राहिलं.

तुम्ही हसलात.

मोठ्यानं, अंग हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. थांबत नव्हता. या आजारात हे होतं, मामा. हसण्या-रडण्याला आवरणारी मेंदूतली वाट तुटते, आणि माणूस कारण नसताना हसतो, नको असताना रडतो. मी ते पुस्तकात वाचलं होतं, वर्गात शिकवलंही होतं. ते हसणं आजाराचं होतं, की तुम्हाला हे सगळं आधीच ठाऊक होतं आणि माझी फजिती बघून तुम्ही हसलात, की तो राग होता, ज्याला बाहेर यायला तेवढीच वाट उरली होती? मी तुमच्या डोळ्यांत बघत राहिले. तिथंही मला वाचता आलं नाही. अर्ध्या तासानं तुम्ही शांत झालात आणि भिंतीकडे बघत राहिलात. मी तुमचं तोंड पुसलं. त्यानंतर तुम्ही आणखी सात महिने होता. मी दर रविवारी यायची. तुम्ही माझ्याकडे बघायचा. एकदा सोडून एकदा हसायचा.

एवढंच मागणं होतं मामा, की तुमच्या तोंडात शब्द असताना तुम्ही मला शिव्या द्याव्यात. त्या लेबलाच्या वेळेसारखं दोन दिवस माझ्याशी बोलू नये. आणि तिसऱ्या दिवशी विचारावं, का लिवलंस.

तुम्ही गेलात त्यानंतर तिसऱ्या दिवशी जियारतीच्या दुआला मी घरी गेले. पाहुणे उठून गेले होते. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. इरफान कागलच्या एमआयडीसीतल्या कारखान्यातून रजा घेऊन घरीच होता. तो माझ्यासमोर येऊन बसला, इकडेतिकडे बघितलं आणि पॅन्टचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला.

"ताई, आठ-धा दिस झालं पोटरी फडफडतीया. लेथवर उभा ऱ्हातो बारा बारा तास, त्येनं आसंल. पर अब्बांच्या दंडात व्हायचं तसंच दिसतंय मला. खरं सांग. मला पन हाय का?"

त्याच्यामागे दारात मामी मान हलवत होत्या. हलवत होत्या आणि बोट ओठांवर धरलं होतं. तुम्हाला पुरून तीन दिवस झाले होते, मामा, आणि आम्ही तिघं पुन्हा त्याच जागी आलो होतो.

मी त्याला उठवलं. चवड्यांवर चालायला लावलं, मग टाचांवर. तो भिंत न धरता उंबऱ्यापर्यंत गेला आणि परत आला. पोटरी हातांनी चाचपली. दोन्ही पाय सारखेच भरलेले होते. फडफड होती, मला ती बोटांखाली जाणवली.

"बहुतेक घरांत हा आजार पोरांत उतरत नाही," मी म्हटलं. "थोड्या घरांत उतरतो. तुमचं घर त्यातलं आहे का, मला माहीत नाही. फडफड बहुतेकांना नुसत्या थकव्यानं येते. डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ, आणि जे लिहून देतील ते मी तुला जसंच्या तसं वाचून दाखवीन. तुझ्या पायात आज मला काही दिसत नाही."

"आज?" मामींनी दारातून विचारलं. "आज म्हंजे?"

इरफान माझ्याकडे बघत होता. त्याचा आवाज खणखणीत होता. मला शिवी द्यावी वाटली असती तर त्याला देता आली असती.

"हो मामी. आज," मी म्हणाले.

मामी तिथंच खाली बसल्या. इरफाननं पॅन्टचा पाय सावकाश खाली केला, तळवा जमिनीवर टेकवून पोटरीवर हात ठेवून बसला, आणि म्हणाला,

"मग अब्बास्नी असंच का न्हाय सांगितलं आपन?"